किड्याची आत्या

कामरगाव, ता. कारंजा, जि. वाशिम
मंगळवार, दुपार

चि. सतीश यास,

तुझा एकुलता एक भाऊजी राजपाल याचा सप्रेम जयभीम. सौ. नीलिमाला जयभीम आणि चि. कियानला दोन्ही गालांवर एकेक पापा (दाढी करून मगच दे, माझ्या नावावर ओरखडे नकोत). पाकीट बघून दचकू नकोस. इकडे सगळे धडधाकट आहेत, कुणी आजारी नाही, कुणाचं लग्न नाही, कुणाचा पाय मोडलेला नाही. सोयाबीन निघालं, तूर उभी आहे, रब्बीचं पाणी सुरू झाल्यामुळे मोटारी जळण्याचा हंगाम ऐन भरात आहे आणि वाइंडिंगच्या दुकानात पाय ठेवायला जागा नाही. माझी तब्येत ठणठणीत. तंबाखूचा खर्रा सोडून पाच महिने झाले. दात इतके पांढरे झालेत की गिऱ्हाईक ओळखत नाही. तुझ्या शीलाताईचा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण गुडघा सोडून तिचं काही कुरकुरत असेल तर ते मी, आणि माझी तिला सवय आहे.

मोबाइल असताना हा माणूस कागद कशाला खराब करतो, असं तुला वाटेल. त्याचं असं आहे की आमच्या घरात चालू मोबाइल एकच. दुसरा जानेवारीत एका बोअरमध्ये पडला (दोनशे ऐंशी फूट, पडल्यावरही अर्धा दिवस रिंग जात होती असं तो शेतकरी शपथेवर सांगतो). उरलेला शीलाच्या ताब्यात असतो. माझे मेसेज ती माझ्याआधी वाचते, आणि मी लिहिलेले पाठवण्याआधी वाचते. तेव्हा जे तुला एकट्याला सांगायचं आहे, त्याला पोस्टाशिवाय वाट नाही. सध्या लाईट गेली आहे, शीला गल्लीत पापड लाटायला गेली आहे, आणि मी एका जळक्या मोटारीवर वही ठेवून लिहितो आहे. अक्षर हललं तर समजून घे, मोटार गोल आहे.

तर मागच्या महिन्यातला तुझा तो किड्याचा फोन. आपल्या फोनची रीत तुला माहीतच आहे. तीन वर्षं झाली, शीला तुझ्याशी बोलत नाही. पण तुझा फोन आला की स्पीकर तीच लावते, समोर येऊन बसते, आणि तुझ्या कानावर स्वच्छ पडेल अशा आवाजात मला सांगते, ‘त्याले इचारा, जेवला काय.’ मग मी विचारतो, तू जेवला काय. तू म्हणतोस, ताईले सांगा, जेवलो. मी सांगतो, जेवला म्हणतो. तीन वर्षं मी तुम्हा भावाबहिणीच्या मध्ये वायर होऊन पडलो आहे, आणि वाइंडिंगवाला असून सांगतो, एवढा करंट एका वायरमधून जाऊ देऊ नये.

आणि हे सगळं कशासाठी, तर नावासाठी. तुला मी दोष देत नाही. दवाखान्यात फॉर्म पुढे ठेवला, नाव लिहा म्हणाले, तुम्ही दोघांनी मोबाइलमध्ये बघून कियान लिहून टाकलं. तुमच्या गोव्यात तसंच करत असतील. पण सतीश, आपल्याकडे नाव आत्या ठेवते रे. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या, जुनं पुष्कळ सोडलं. पण आत्याचा मान कुणी सोडायला सांगितला नव्हता. शीलानं झबलं शिवलं होतं, टोपडं विणलं होतं, ‘तिकीट काढा’ म्हणून माझ्यामागे लागली होती, आणि तेवढ्यात आपल्या ग्रुपवर तुझं कार्ड आलं, त्यावर बाळाचा फोटो आणि खाली छापलेलं नाव. तिनं ते कार्ड मोठं करून पाहिलं, लहान करून पाहिलं, आणि मोबाइल माझ्या हातात देऊन आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. तू तिचा एकच भाऊ. तिला फार लागलं, एवढं मी तेव्हा तुला सांगायला हवं होतं, आणि ते मी सांगितलं नाही. ती चूक माझी.

असो. त्या दिवशी तू फोनवर तुझ्या समुद्रसफरीतला किडा सांगायला घेतलास. शीला समोर बसून तांदूळ निवडत होती. तू म्हणालास, बंगालच्या उपसागरात पावणेदोन हजार मीटर खोल, जिथे जन्मात ऊन पोचलं नाही, तिथे समुद्राच्या बुडातून गॅस झिरपतो, त्या जागेला थंड पाझर म्हणतात. (मी आजवर तीनशे फुटांच्या वर खोल मोटार सोडलेली नाही, पण खोलीच्या धंद्यातलाच माणूस असल्यामुळे मला लगेच समजलं. माझ्या मनात पहिला विचार आला की पावणेदोन हजार मीटर केबल कुठून आणली असेल.) त्या पाझरावर शिंपल्यांची वस्ती. शिंपल्याच्या कल्ल्यात बारीक जंतू, ते त्या गॅसवर शिंपल्याचा स्वयंपाक करतात. म्हणजे समुद्राच्या तळाशी घरोघर गॅस आहे, आणि आमच्याकडे बुकिंग केल्यावर आठ दिवस. आणि त्या शिंपल्याच्या आत, कल्ल्यांच्या पदराखाली, बोटाच्या पेराएवढा एक गुलाबी किडा राहतो. आतच खातो, आतच झोपतो, बाहेरचं जग त्याला माहीत नाही. असला किडा आजवर कुणी पाहिला नव्हता, तू पहिला. त्याला अजून नाव नाही, ते मला ठेवायचं आहे, असं तू म्हणालास.

‘नाव ठेवायचं आहे’ म्हटल्याबरोबर शीलाचा हात तांदळात थांबला. मी तिच्याकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मग मला म्हणाली, ‘त्याले इचारा, त्या किड्याले भाऊ-बहीण नसते काय?’ मी विचारलं. तू शास्त्रज्ञ माणूस, सरळ उत्तर दिलंस: लहानपणी असतील, पण मोठा झाला की एका शिंपल्यात एकच राहतो, दुसऱ्याला येऊ देत नाही. यावर तिनं ताट उचललं आणि पीठ मळायला आत निघून गेली. तुला तिकडे काही कळलं नसेल.

पुढचं ऐक. थोडक्यात सांगायचं तर त्या किड्याचं नाव ठेवायचा मान शीलाकडे आला. (कसा आला ते शेवटी सांगतो, आत्ता मध्ये बोलू नकोस.) बाई दुसऱ्या दिवशी पहाटे उठली, तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता. किड्याला आपण जन्म दिला नसला तरी शोधला आपल्या भावानं, म्हणजे भाऊ बाप, म्हणजे ती आत्या. यात तिला कणभर शंका नव्हती आणि गल्लीतल्या एकाही बाईला नव्हती. शंका फक्त दिवसाची होती. आमच्या शेजारच्या नानीबाई, ज्यांनी आजवर या गल्लीतलं एकही बारसं आपल्याशिवाय होऊ दिलेलं नाही, त्यांनी मला चौकशीला बसवलं. किडा वर कधी आला? मी म्हटलं, सतीश बोटीवरून उतरला त्याच्या आधी. मग बारावा दिवस उलटला की. जन्मला कधी, हे तर त्या शिंपल्यालाही ठाऊक नसेल. शेवटी नानीबाईंनी निकाल दिला की परगावचं लेकरू आहे, पुढल्या रविवारी उरकून घेऊ. आपल्यात मुहूर्त बघत नाहीत हे एक बरं, नाहीतर या किड्याची पत्रिका मला मांडावी लागली असती.

आता बारशाला बाळ पाहिजे. तुझा किडा तिकडे बाटलीत. मी इंझोरीला एक मोटार काढायला गेलो होतो, येताना अडाण नदीच्या पात्रात उतरून सहा शिंपले उचलले (पँट गुडघ्यापर्यंत भिजली, एक चप्पल चिखलानं ठेवून घेतली). वाटलं, एखाद्यात आपलाही किडा निघेल. घरी आणून बादलीत ठेवले. एक शिंपला स्क्रू-ड्रायव्हरनं हळूच उघडून बघावा म्हणून हातात घेतला, तर त्यानं असा काही जबडा मिटला की स्क्रू-ड्रायव्हर आत आणि मी बाहेर. मी पंचवीस वर्षं जाम झालेले पंप उघडतो आहे, पण त्या बोटभर जिवानं मला हरवलं. तिसऱ्या दिवशी त्यातले पाच मेले. वास कसा होता ते मी लिहीत नाही, कारण पाकीट टपाल खात्यातून जायचं आहे. दुकानात गिऱ्हाईक आलं की आधी मोटारीकडे बघायचं, मग माझ्याकडे. सहावा मात्र जिवंत राहिला. शीला त्याला रोज ताजं पाणी घालायची आणि ‘हा सतीशवानी चिवट हाय’ म्हणायची. तीन वर्षांत तुझं नाव तिच्या तोंडून सरळ निघालं ते तेव्हा.

नाव कोणतं, यावर आठ दिवस खल झाला. तू मागे मला सांगितलं होतंस की अशा जिवांना मोठ्या माणसांची नावं देतात. मी तसं बोललो, तर शीला पोळी लाटता लाटता म्हणाली, ‘मोठ्या माणसाइचे देतात तं आई काय लहान होती?’ आणि विषय संपला. भागिरथा. सतीश, मी नुसता जावई, पण मलाही भरून आलं. तुमच्या आईनं दुसऱ्याच्या शेतातल्या गोठ्यामागच्या खोलीत, दिवा नाही, खिडकी नाही, तुम्हा दोघांना वाढवलं. तिचं नाव सातबाऱ्यावर नाही, तुमच्या शाळेच्या दाखल्यावर नाही, रेशनकार्डावर आहे ते ‘भागाबाई’ असं चुकीचं. मेल्यावर दाखला काढला तेव्हा कुठे बरोबर लिहिलं गेलं. जगाच्या एका तरी पुस्तकात ती बरोबर लिहिलेली असावी, असं शीलाचं म्हणणं. तुमच्या त्या लॅटिन भाषेत बाईच्या नावाच्या शेवटी ‘ए’ लावतात, असं तू एकदा म्हणाल्याचं मला आठवतं. बिनधास्त लाव. भागिरथा ए! पलीकडच्या शेतातून आईला हाक मारल्यासारखंच होतं.

विरोध एकच झाला, ग्यानबा गुरुजींचा. गुरुजी निवृत्त झाले तरी त्यांच्यातला विज्ञानाचा तास सुटलेला नाही. ते म्हणाले, जो दुसऱ्याच्या घरात राहून त्याचंच खातो तो परजीवी, त्याला आईचं नाव देणं बरं दिसत नाही. मी म्हटलं, सतीश सांगतो, पाहुणा की परजीवी हे अजून ठरायचं आहे. पण शीला माझ्यासारखी गुळमुळीत नाही. ती म्हणाली, ‘गुरुजी, घरात राह्यनारा जड होते का नाही हे घरवाल्यानं सांगाव. शिंपल्यानं तक्रार केली काय तुमच्यापाशी?’ गुरुजींनी घुगऱ्यांची वाटी घेतली आणि खायला लागले. (तुमच्या संस्थेत हा वाद अजून चालू असेल तर हा मुद्दा तिथे मांडून बघ.)

रविवारी सकाळी बारसं झालं. वंदना घ्यायला गल्लीतला धम्मरत्न आला होता, तो आधी बिचकला. किड्यासाठी त्रिशरण-पंचशील म्हणायचं तर लोक काय म्हणतील, म्हणाला. मग त्याचं त्यालाच आठवलं की सर्व प्राणिमात्रांशी मैत्री करा असं तथागतांनी सांगितलं, त्यात शिंपले वगळा असं कुठे सांगितलेलं नाही. त्यानं इतकी मनापासून वंदना घेतली की दोघी-तिघींनी पदर डोळ्याला लावला. सुपात मऊ फडकं, त्यावर पाण्याचं छोटं पातेलं, पातेल्यात आपला सहावा शिंपला. तुझा किडा समजून. बायकांनी घरचाच एक पाळणा म्हटला. मग शीला वाकली. शिंपल्याला कान कुठे असतो हा प्रश्न ऐनवेळी निघाला. नानीबाई म्हणाल्या, जिथं उघडा हाय तिथं सांग. शीलानं तोंड फटीजवळ नेलं, ‘कुर्रर्र’ केलं, पाठीवर बायकांचे धपाटे पडले (एक गुडघ्यावर पडला, तो चुकून), आणि ‘भागिरथा’ म्हणताच शिंपल्यानं फचकन पाण्याची चूळ तिच्या तोंडावर मारली. सगळा मांडव हसला. आणि सतीश, शीला हसली. तोंडावरचं पाणी न पुसता, खाली बसून, पोट धरून. असं हसताना मी तिला तुझ्या नोकरीच्या बातमीनंतर पाहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं मला भल्या सकाळी मोटरसायकलवर त्या शिंपल्यासकट इंझोरीला पिटाळलं: जिथून आणला तिथं पोचवा. पोचवला. तुमची ती चप्पल सापडते का बघा, असंही म्हणाली. नाही सापडली.

एकंदरीत आम्ही सुखात आहोत. घरात भांडण नाही, वास गेला आहे, गल्लीत शीलाला दोन-चार बायका ‘किड्याची आत्या’ म्हणतात आणि तिला ते आवडतं. थंडीत कियानच्या छातीला ओव्याचा शेक द्या. नीलिमाला सांग, तिनं दिवाळीला पाठवलेले काजू शीलानं कुणी पाठवले ते न सांगता सगळ्यांना वाटले.

तुझा,
राजपाल

ता.क. – आता ते ‘कसा आला’. तू नाव ठेवायला शीलाला सांगितलंच नव्हतंस. ती पीठ मळायला आत गेल्यावर तू मला पावसाचं विचारलंस आणि फोन ठेवलास. मी आत जाऊन तिच्या पाठीमागे उभा राहिलो. ती नुसतीच मळत होती, पीठ केव्हाच झालं होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, ‘सतीश म्हणते, किड्याचं नाव ताईनंच ठेवाव, तिचा मान हाय.’ लग्नाला सतरा वर्षं झाली, तिच्याशी इतकं मोठं खोटं मी कधी बोललो नव्हतो.

ता.क. दुसरा – आता खरी अडचण. येत्या रविवारी सकाळी दहाला शीला तुला फोन करणार आहे. स्वतः. मध्ये मी नाही. तीन वर्षांत पहिल्यांदा, नाव सांगायला. तू जर ‘कसलं नाव, ताई?’ असं म्हणालास तर माझं काय व्हायचं ते होवो, पण तिचं तोंड पुन्हा कधी तुझ्याकडे वळणार नाही. तेव्हा एवढंच म्हण, ‘हो ताई, तुझ्याच फोनची वाट पाहत होतो.’ आणि जमलं तर ते खोटं नसू दे. नाव तेच ठेव बाबा. तुमच्या संस्थेत वरचं कुणी नाही म्हणालं तर मला त्याचा पत्ता दे.

ता.क. तिसरा – वाचून झाल्यावर पत्र फाडून टाक. मी उद्यापासून दोन दिवस मालेगावला कामाला आहे. पाकीट कपॅसिटरच्या डब्याखाली ठेवलं आहे, तिथे शीला कधी हात घालत नाही. धम्मरत्न कारंजाला जाताना नेईल.

सतीश,

कपॅसिटरच्या डब्याखाली मी रोज हात घालते, कारन याइचा खर्रा तिथंच रायते. पाच महिने सोडला म्हनून लिवलं, ते खोटं हाय. बाकी सारं खरं हाय.

पीठ मळता मळता मले सारं आयकू आलं होतं. तू पावसाचं इचारलं अन फोन ठेवला. मंग हे आत आले, अन खोटं बोलले. आवाज कापून राह्यला होता याइचा. मले इतकं बरं वाटलं की म्या म्हनलं, बोलू दे. याइले सांगू नको मले मालूम हाय म्हनून.

पोराचं नाव चांगलं हाय. मले इचारलं असतं तं मीबी म्हनली असती, ठेवा तुमाले पटन ते. मले निस्तं इचाराव लागत होतं रे. अन मीबी तीन वर्स फुगून बसली, ते काई शायनपन नाही केलं. किड्याले आईचं नाव दे, नाही तं राह्यलं. म्या सांगून देल्लं तिचं नाव, शिंपल्याले का होईना.

रविवारी फोन नाही करत मी. धम्मरत्नालेबी पाकीट देल्लं नाही. पोष्टाचा काय भरोसा. हे मालेगावले गेले तशी मी मूर्तिजापूरहून गाडीत बसली, दोन गाड्या बदलल्या, अन हे पत्र मीच घेऊन आली. आता तुह्या हाती देल्लं अन समोर बसली हाय.

वाचून झालं असन तं वर पाह्य.

– ताई